प्रश्न वाचकांचे : पंजाबी हॉटेलातलं शाकाहारी जेवण

*‘पंजाबी डिश’ हा आता मराठी घरांच्या बाहेरच्या जेवणातला नेहमीचा बेत झाला आहे. त्यातल्या शाकाहारी अडचणींबद्दल आलेल्या पत्रांना या अंकात उत्तरं देत आहोत.*

पनीर बटर मसाला, व्हेज कोल्हापुरी, मिक्स व्हेज अशा तीन वेगळ्या भाज्या मागवतो, पण तिन्ही जवळजवळ सारख्याच लागतात. हॉटेलवाले फसवतात का? (वाचक, सातारा)

फसवत नाहीत, त्या स्वयंपाकघराची रीतच तशी आहे. मेन्यूकार्डावर साठ-सत्तर भाज्या असतात आणि ऑर्डर दिल्यावर पंधरा मिनिटांत भाजी टेबलावर हवी असते. हे जमतं ते सकाळीच करून ठेवलेल्या चार-पाच ग्रेव्ह्यांमुळे. लाल म्हणजे मखनी ग्रेव्हीत टोमॅटो, काजू, लोणी आणि कसुरी मेथी. पांढरीत उकडून वाटलेला कांदा, काजू, मगज (खरबुजाच्या सोललेल्या बिया) आणि दही किंवा खवा. तिसरी ब्राऊन. तिच्यात कांदा तांबूस होईपर्यंत परतून आलं-लसूण, टोमॅटो, धणे आणि हळद घालतात. चौथी पालकाची हिरवी. ऑर्डर आली की कढईत डाव-दोन डाव ग्रेव्ही, त्यात पनीर किंवा उकडलेल्या भाज्या, वरून त्या-त्या नावाची खूण, की झाली भाजी.

कुठलं नाव कुठल्या भांड्यातून येतं ते साधारण असं. बटर मसाला आणि मखनी लालमधून. मलई कोफ्ता, नवरत्न कोर्मा, मेथी मटर मलई पांढरीतून. मटर पनीर, मिक्स व्हेज, दो प्याजा ब्राऊनमधून. कढाई पनीरही ब्राऊनच, फक्त वर जाडसर कुटलेले धणे-लाल मिरची आणि सिमला मिरचीचे तुकडे. लबाबदार म्हणजे लाल आणि ब्राऊन एकत्र करून त्यात किसलेलं पनीर. शाही पनीर एका हॉटेलात पांढरं येतं, तर दुसऱ्यात केशरी आणि गोडसर. व्हेज कोल्हापुरीचं नाव मोठं असलं तरी बऱ्याच ठिकाणी ती ब्राऊन ग्रेव्ही आणि वर लाल तिखटाची तर्री एवढीच असते. गर्दीच्या वेळी सगळ्याच भाज्यांत थोडी लाल, थोडी ब्राऊन घालून वर क्रीमची रेघ ओढतात. तुमच्या तिन्ही भाज्या सारख्या लागतात त्या इथे.

म्हणून नावावर जाऊ नका, कॅप्टनला (ऑर्डर घेणाऱ्या मुख्य वाढप्याला) ‘ही कुठल्या ग्रेव्हीत येते?’ असं विचारा. एक भाजी ग्रेव्हीची, एक सुकी आणि एक डाळ घेतली की चवी आपोआप वेगळ्या होतात. सुक्यांत अद्रकी आलू-गोभी, कुरकुरी भेंडी, पिंडी छोले घ्या. बैंगन भर्ताही घ्या, पण वांगं तंदुरात भाजलेलं असेल तरच. नुसतं उकडून कुस्करलेल्या वांग्याला धुराचा वास नसतो, मग त्यात राहतं काय?

डाळीत दाल मखनीवरून हॉटेलाची परीक्षा होते. अख्खे उडीद आणि थोडा राजमा मंद आचेवर तासन्‌तास शिजावे लागतात. दिल्लीच्या आयटीसी मौर्यमधली ‘दाल बुखारा’ अठरा तास शिजवतात. घाईच्या स्वयंपाकघरात उकडलेले उडीद आयत्या वेळी मखनी ग्रेव्हीत ढकलतात. मग दाणा वेगळा, रस वेगळा आणि रंग टोमॅटोसारखा लाल दिसतो. नीट शिजलेल्या डाळीचा रंग तपकिरीकडे झुकतो, दाणा चमच्याखाली सहज चिरडतो आणि कडेला पाणी सुटत नाही.

शाकाहारी-मांसाहारी दोन्ही मिळणाऱ्या हॉटेलात जावं लागतं. ‘व्हेज वेगळं असतं ना?’ विचारलं की ‘हो हो, एकदम वेगळं’ म्हणतात. यावर किती विश्वास ठेवावा? (वाचक, ठाणे)

या प्रश्नाला दुसरं उत्तर मिळतच नाही, म्हणून प्रश्न बदला. सरमिसळ होते ती तंदूर, तळणीचं तेल आणि तयार रस या तीन जागी.

तंदुरात रोटी भिंतीला चिकटते आणि टिक्क्याच्या लोखंडी सळ्या मधोमध उभ्या असतात. चिकनची चरबी निखाऱ्यांवर पडते, तिचा धूर रोटीला लागतो. पण प्रत्यक्ष स्पर्श होतो तो दुसरीकडे. टिक्का अर्धा भाजला की सळी बाहेर काढून टांगतात, त्यावर लोणी किंवा तेल फिरवतात आणि सळी पुन्हा आत जाते. ते लोणी एकाच वाटीतलं आणि ब्रशही एकच. आधी चिकनवर फिरलेला ब्रश नंतर पनीरवर फिरतो. नंतर सळीवरून तुकडे उतरवायचा पाट आणि चाट मसाला घालून घोळवायचं पातेलंही बहुतेक वेळा एकच असतं. तेव्हा थेट विचारा : तंदूर एक की दोन? पनीरच्या सळ्या वेगळ्या आहेत का? बटरचा ब्रश वेगळा का? कॅप्टन आत जाऊन विचारून आला तर ते चांगलं लक्षण समजा.

तळणीचा प्रश्न पकोडे आणि हराभरा कबाबपुरता नाही. अमृतसरी मच्छी ज्या कढईत तळतात, त्यातच तुमचा पापडही तळला जाऊ शकतो. भाजका पापड मागवा, प्रश्न मिटला.

रसाचं जरा गुंतागुंतीचं आहे. बटर चिकन आणि पनीर मखनी यांची मूळ ग्रेव्ही एकच असते आणि ती बहुधा शाकाहारीच असते. चिकन नंतर वेगळ्या पॅनमध्ये पडतं. पण काही उस्ताद चव वाढवायला मोठ्या पातेल्यातच तंदुरी चिकनचा निथळलेला रस घालतात. ‘मखनीत यखनी (मांस शिजवलेलं पाणी) जाते का?’ हा प्रश्न त्यांना नेमका कळतो. सूपचंही तेच. व्हेज हॉट अँड सोअर किंवा मंचावमध्ये भाज्या शाकाहारी आणि खालचं पाणी चिकनचं, असं होऊ शकतं. बिर्याणीच्या ठिकाणी व्हेज बिर्याणीचा भात वेगळ्या हंडीतला आहे का, हे विचारल्याशिवाय ती मागवूच नका.

कार्डावरच्या हिरव्या ठिपक्यावरून पदार्थात काय आहे ते कळतं. तो कुठल्या भांड्यात शिजला, हे कळत नाही. ज्यांना धूरसुद्धा चालत नाही, त्यांनी मिश्र हॉटेलात तंदुराचं काही घेऊच नये. तव्यावरचा फुलका, दाल तडका आणि कढईतली सुकी भाजी, तेही वेगळी कढई असल्याची खात्री करून. हेही पटत नसेल तर ‘प्युअर व्हेज’ पाटीच गाठावी, उगाच प्रत्येक घासाला शंका नको.

नानमध्ये अंडं असतं का? इथल्या भारतीय रेस्टॉरंटांत कुणी नीट सांगत नाही. (वाचक, लंडन)

असू शकतं. नान मैद्याचा. त्यात दूध किंवा दही, साखर, मीठ आणि फुगण्यासाठी यीस्ट किंवा बेकिंग पावडर. मऊपणासाठी काही जण अंडंही फोडतात. महाराष्ट्रातल्या शाकाहारी हॉटेलांत ते नसतं, मिश्र आणि परदेशातल्या हॉटेलांत विचारावं. ब्रिटनमध्ये एक सोय आहे. तिथल्या नियमांनुसार चौदा ॲलर्जीकारक घटकांची माहिती ग्राहकाला द्यावीच लागते आणि त्यात अंडं, दूध, काजू-बदामासारखा सुकामेवा, तीळ, मोहरी, मासे सगळं येतं. वाढप्याशी वाद घालण्यापेक्षा ‘ॲलर्जन चार्ट’ मागा. चिकनचं पाणी मात्र त्या यादीत नसतं, ते वेगळं विचारायचं.

तंदुरी रोटी त्यामानाने सुरक्षित. कणीक, मीठ, पाणी आणि ताणायला थोडा मैदा. दूधदुभतं सोडलेल्यांनी ‘बटर लावू नका’ असं आधीच सांगावं. तंदुरावरचा माणूस सवयीने लावून मोकळा होतो.

आम्ही जैन आहोत. ‘जैन पनीर’ मागवूनही लसणाचा वास येतो. नक्की काय सांगायचं आणि काय मागवायचं? (वाचक, सांगली)

वास येतो कारण वरच्या फोडणीतून कांदा-लसूण गेला, तरी पातेल्यातल्या ग्रेव्हीत तो सकाळीच शिजलेला असतो. खरी जैन ग्रेव्ही वेगळीच करावी लागते. कांदा ग्रेव्हीला दाटपणा आणि गोडवा देतो. त्याच्या जागी टोमॅटोसोबत काजू-मगज आणि दुधी, कोबी किंवा कच्चं केळं वाटून घालतात. म्हणून ‘जैन मिळेल का?’ असं न विचारता ‘जैन ग्रेव्ही वेगळी ठेवलेली आहे की ताजी करणार?’ असं विचारा. ताजी करणार असतील तर वीस-पंचवीस मिनिटं लागतील. पाच मिनिटांत भाजी आली तर तोंडात घालण्याआधी पुन्हा विचारा.

काही पदार्थ आयत्या वेळी जैन होऊच शकत नाहीत. पनीर टिक्का आधीच आलं-लसणाच्या दह्यात मुरलेला असतो. दाल मखनी आलं-लसूण घालूनच शिजलेली. मलई कोफ्ता आणि हराभरा कबाब बटाट्यावर उभे असतात, मिक्स व्हेजमध्ये गाजर. छोल्यांचा मसालाही बहुधा आधीच तयार असतो. यीस्टचा नान तुम्हाला चालणार नाही. काही तयार मसाल्यांत लसणाची पूड असते, तेही विचारावं.

जमण्यासारखं बरंच आहे. दाल तडक्याची डाळ बहुतेक ठिकाणी हळद-मीठ घालून नुसती उकडलेली असते. तिला जिरं, हिंग, टोमॅटो आणि हिरवी मिरची एवढीच फोडणी द्यायला सांगा. भेंडी मसाला, पनीर-सिमला मिरची, कॉर्न-कॅप्सिकम ताज्या टोमॅटोच्या रसात चांगली होतात. स्वयंपाकघरात आलं आणि लसूण एकत्रच वाटलेलं असतं, त्यामुळे ‘फक्त लसूण नको’ या सूचनेला आत अर्थ उरत नाही. ‘आलं-लसूण पेस्ट अजिबात नको’ असं केओटीवर, म्हणजे आत जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, लिहून घ्या आणि कॅप्टनला ते परत वाचून दाखवायला लावा.

चौविहार, म्हणजे सूर्यास्तानंतर अन्नपाणी न घेण्याचं व्रत, पाळणाऱ्यांची अडचण वेगळीच असते. पुष्कळ हॉटेलांत दुपारच्या जेवणानंतर स्वयंपाकघर बंद होतं ते सात वाजता उघडतं. हिवाळ्यात तोवर सूर्यास्त होऊन गेलेला असतो. आधी फोन करून संध्याकाळी पाचला जेवण मिळतं का, ते विचारून मगच निघा.

बनावट पनीर ओळखायला हॉटेलात आयोडिनचा थेंब टाकून बघतात, असे व्हिडिओ फिरतात. खरं आहे का? (वाचक, पुणे)

पिष्ट असलं की आयोडिन निळं-काळं होतं, एवढं खरं. पण टेबलावरच्या शिजलेल्या पनीरवर ही परीक्षा दोन्हीकडून फसते. चिली पनीर किंवा पकोड्याचं पनीर कॉर्नफ्लोअर नाहीतर बेसनात घोळवलेलं असतं, टिक्क्याच्या दह्यात भाजलेलं बेसन असतं. उत्तम दुधाचं पनीरही तिथे निळं पडेल. उलट पाम तेल आणि दूध पावडर वापरून, पिष्ट न घालता केलेलं ॲनालॉग पनीर निळं न होता सुटून जाईल.

हाताला रबरासारखं लागणं हाही पुरावा नव्हे. खरं पनीर मोठ्या आचेवर जास्त वेळ राहिलं की त्यातली प्रथिनं आवळतात आणि ते चिवट होतं. पनीर कोमट मिठाच्या पाण्यात ठेवून अगदी शेवटी ग्रेव्हीत घालायची पद्धत त्यासाठीच आहे. त्यातल्या त्यात उपयोगी खूण म्हणजे तुकडा मोडून बघणं. दुधाचं पनीर ओबडधोबड, कणीदार तुटतं आणि चावल्यावर दुधाची चव येते. एकसारखं गुळगुळीत कापलं जाणारं, तोंडात तेलकट थर सोडणारं पनीर संशयास्पद. नियमाप्रमाणे पनीरमधलं पाणी काढून उरलेल्या वजनात किमान निम्मी दुधाची स्निग्धता हवी, पण ते प्रयोगशाळाच सांगू शकते. शंका पक्की असेल तर बिल जपून ठेवा. त्यावर चौदा आकडी एफएसएसएआय (अन्न परवान्याचा) क्रमांक छापणं २०२२पासून बंधनकारक आहे. तो क्रमांक देऊन ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ ॲपवर किंवा अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

आई-वडिलांना दिल्ली-अमृतसरला नेतो आहे. दोघेही कडक शाकाहारी, तिखट कमी खाणारे. काय लक्षात ठेवावं? (वाचक, अकोला)

तिकडे शाकाहारी शोधणं आपल्याला वाटतं तितकं अवघड नाही, पाटी वाचता आली पाहिजे. ‘वैष्णो ढाबा’ म्हणजे शाकाहारी. काही वैष्णो ढाब्यांत कांदा-लसूणही नसतो. दिल्लीहून जीटी रोडने वर जाताना हरियाणात सोनिपतजवळ मुरथल लागतं. तिथले ढाबे बव्हंशी शाकाहारी आहेत आणि तिथली खासियत पराठे. पराठ्यावर पांढऱ्या लोण्याचा गोळा येतो. वडीलधाऱ्यांसाठी एक पराठा आणि दही पुरे, दोन मागवले की एक उरतो. चांदनी चौकातल्या पराठेवाली गलीतले पराठे तव्यावर भाजत नाहीत, तुपाच्या कढईत तळतात. परंपरेने त्यांत कांदा-लसूण नसतो, पण पोटाला जडच.

अमृतसरात ‘केसर दा ढाबा’ मूळचा १९१६चा, आता पाकिस्तानात असलेल्या शेखूपुऱ्यातला. फाळणीनंतर तो इथे आला. ‘भरावां दा ढाबा’ १९१२चा. दोन्ही शाकाहारी. उडदाची ‘माँ की दाल’ तुपाने माखलेली असते, ती दुपारी खावी, रात्री नको. अमृतसरी कुलच्यावर लोणी चुरगाळून घालतात, ‘मक्खन कम’ असं आधीच सांगा. नुसतं ‘अमृतसरी’ लिहिलेलं स्टार्टर पाहून ऑर्डर देऊ नका, ती तिथली प्रसिद्ध मच्छी असू शकते. सरसों का साग आणि मक्की की रोटी थंडीतच खावी, उन्हाळ्यातल्या सागात मजा नाही. सुवर्णमंदिरातला लंगर पूर्ण शाकाहारी असतो. डोकं झाकून पंगतीत बसायचं आणि रोटी दोन्ही हातांत घ्यायची.

तिखटाची फार काळजी नको. तिकडचं जेवण आपल्या झणझणीतपेक्षा सौम्य असतं, त्रास होतो तो तूप आणि गरम मसाल्याचा. दोन्ही वेळा हॉटेलात जेवायचं असेल तर एक वेळ फुलका, दाल तडका आणि दही यावर भागवा. चैत्र किंवा शारदीय नवरात्रात गेलात तर अनेक ठिकाणी सैंधव घातलेली ‘व्रत की थाली’ मिळते. त्यात कुट्टूची पुरी आणि भगरीसारखे समा के चावल असतात.

मुलाला काजूची ॲलर्जी आहे. पंजाबी भाज्या पूर्ण बंद कराव्यात का? (वाचक, नाशिक)

ग्रेव्हीच्या भाज्या बंदच करा. लाल आणि पांढरी दोन्ही काजूवर उभ्या असतात आणि ‘काजू घालू नका’ म्हटलं तरी तो आधीच वाटला गेलेला असतो. ब्राऊनमध्येही दाटपणासाठी काजूची पेस्ट टाकतात. जीरा आलू, दाल तडका, तंदुरी रोटी, दही, जीरा राइस हा मार्ग बरा, तोही धुतलेल्या वेगळ्या कढईत करायला सांगून. कुल्फी आणि हलवा टाळा. ऑर्डर देताना ‘आवडत नाही’ असं मोघम बोलू नका. ‘ॲलर्जी आहे, दवाखान्यात न्यावं लागेल’ असं स्पष्ट सांगा आणि चिठ्ठीवर लिहायला लावा. डॉक्टरांनी दिलेलं औषध सोबत असल्याशिवाय अशा जेवणाला जाऊ नये.

सहा जणांसाठी किती मागवावं? दर वेळी निम्मं उरतं. (वाचक, लातूर)

सहा मोठ्या माणसांना दोन स्टार्टर, तीन भाज्या आणि एक डाळ पुरते. त्या तीनपैकी एक सुकी. ग्रेव्हीची एक फुल प्लेट दोघा-तिघांची असते आणि पनीरच्या भाजीत सात-आठ तुकडे येतात. स्टार्टर जास्त झाले की जेवण उरतं, हे ठरलेलं. सगळ्या रोट्या एकदम मागवू नका. मैद्याचा नान पाच मिनिटांत चामड्यासारखा होतो. पहिल्या फेरीत सहा, त्या संपत आल्या की चार. भात दोन प्लेट, तोही रोट्या संपल्यावर मागवा. उरलेली भाजी बांधून घेतली तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जाऊ द्या, विशेषतः उन्हाळ्यात. क्रीम आणि काजूची ग्रेव्ही लवकर आंबते.

बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्ज लावला. द्यावाच लागतो का? (वाचक, मुंबई)

नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या : सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही, दुसऱ्या नावानेही नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये त्या उचलून धरल्या. तो बिलातून काढायला सांगा, नकार आला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. जीएसटी मात्र द्यावा लागतो. साध्या हॉटेलात तो एकूण पाच टक्के असतो आणि बिलावर अडीच-अडीच असा दोन ओळींत दिसतो. बाटलीबंद पाण्याला छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेणं हॉटेलांना चालतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७चा निकाल आहे. त्यामुळे बसल्याबसल्या बाटली फोडायला येणाऱ्या वाढप्याला आधीच ‘साधं पाणी’ सांगा.